पेटीतले कापड

मुंबईत कापडाचा पहिला वैरी म्हणजे इथली हवा. कसर आणि झुरळे नंतर येतात. कुलाब्याला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते आणि बुरशीला सत्तरच्या आसपासही पुरते. अशा दिवसांत गॅलरीतल्या दोरीवरून काढलेली चादर हाताला कोरडी लागते, पण सुती धागा ओल आत धरून बसलेला असतो. तीच चादर घडी करून कोंडली की सप्टेंबरात काळे ठिपके घेऊन बाहेर येते. ते ठिपके सहसा जात नाहीत.

परळच्या चाळीत आमची खोली दहा बाय बाराची. कपाट एकच, ते रोजच्या कपड्यांनाही पुरत नाही. त्यामुळे चादरी, गिलाफ, पाहुण्यांच्या रजया, जानमाजी आणि दस्तरख्वान यांची जागा पोटमाळ्यावरच्या लोखंडी पेटीत. पेटी मरहूम सासऱ्यांची. ते गिरणीत साचेखात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर ते पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत. पेटीतले बरेचसे कापड गिरणीतूनच तुकड्यांच्या भावात घेतलेले. आता चाळ पुनर्विकासात जाते आहे, भाड्याच्या खोलीत ही पेटी मावणार नाही, म्हणून या उन्हाळ्यात आम्ही ती तळापर्यंत रिकामी केली.

रोज वापरायच्या, धुवायच्या, उन्हात पडायच्या चादरी चाळीस वर्षांनंतरही धड निघाल्या. फाटला तो सर्वांत जपलेला पांढरा दस्तरख्वान. नणंदेच्या लग्नात एकदा अंथरला, मग लाँड्रीतून कडक खळ आणि इस्त्री करून आला आणि ‘पुढच्या लग्नाला’ म्हणून तळाशी गेला. उलगडला तर घडीच्या रेषेवर बोटभर चीर, तिच्या बाजूला कसरीने खाल्लेली जाळी. सासूबाई काही बोलल्या नाहीत. कापडावरून हात फिरवला आणि कात्री मागितली. त्यातून चार खानपोश निघाले.

त्याचे काय झाले ते सांगण्यासारखे आहे. खळ म्हणजे पिठाची कांजी, आणि कसरीला तेच हवे असते. शिवाय खळीने धागा ताठ होतो, ताठ धागा वर्षानुवर्षे एकाच जागी दुमडला की तुटतो. वरच्या रजयांच्या वजनाने ती घडी आणखी दाबली जाते. म्हणून ठेवणीतले कापड बिनखळीचे, बिनइस्त्रीचे ठेवावे. इस्त्री बाहेर काढल्यावर करता येते, तेव्हा खळही हवी तेवढी घालता येते. कोरे कापडसुद्धा आधी साध्या पाण्यातून काढावे, कारण विणताना ताण्याच्या सुताला कांजी दिलेली असते. हे सासरे नेहमी सांगत. साचेखात्यातल्या माणसाला ते सांगायला कोणी लागत नसे.

लांब दस्तरख्वानाला घडी घालूच नये. मंगलदास मार्केटात कापड ज्या पुठ्ठ्याच्या नळ्यांवर येते, त्या रिकाम्या नळ्या दुकानदार बऱ्याचदा फुकटही देतात. नळीला आधी धुतलेली मलमल गुंडाळायची, कारण पुठ्ठ्यातल्या आम्लाने कापड पिवळे पडते, वर्तमानपत्राचेही तसेच. मग कापड सैलसर गुंडाळायचे. जरीचे किंवा भरतकामाचे काम बाहेरच्या अंगाला राहू द्यावे, आत गेले तर चुरगळते. वरून पुन्हा मलमल. नळी कपाटामागे किंवा पलंगाखाली जाते, पेटीपेक्षा जागा कमी खाते. ज्यांना घडीच करावी लागते त्यांनी दुमडीत जुन्या ओढणीची गुंडाळी ठेवावी आणि वर्षातून दोनदा घडी बदलावी, पूर्वीच्या रेषेवर नव्हे. इयत्ता सातवीची मुले आम्ही छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नेली होती. जुन्या कापडांजवळ इतका मंद उजेड का, असे एका मुलीने विचारले. उजेडानेही रंग उडतो आणि धागा कमजोर होतो. आपल्या घरात खिडकीसमोरच्या पडद्याला हे शिकवावे लागत नाही.

प्लास्टिकच्या पिशव्यांबद्दल आमचे मत कडक आहे. नव्या चादरीबरोबर आलेली चेनची पिशवी दिसायला छान, पण आत राहिलेली ओल ती बाहेर जाऊ देत नाही. त्यापेक्षा जुन्या सुती साडीचा बुगचा बरा. पेटी लोखंडी असेल तर तळाला आणि बाजूंना कापड लावावे, नाहीतर गंजाचा डाग पडतो. आणि उन्हातून आणलेले गरम कापड लगेच कोंडू नये. रात्री लोखंड गार होते, आतली वाफ त्यावर पाणी होऊन बसते. सासूबाई कापड सावलीत तासभर ‘थंड व्हायला’ ठेवतात ते याचसाठी.

डांबराच्या गोळ्या आमच्याकडे बंद झाल्या. ज्या बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचे द्रव्य जन्मतःच कमी असते, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांच्या वासानेही फुटू शकतात, आणि बाळाला तो त्रास आहे हे आधी कोणाला ठाऊक नसते. बाळाची दुपटी आणि रजई तरी यापासून दूर ठेवावी. वाळवलेला कडुलिंबाचा पाला आणि वेखंडाची पुरचुंडी आम्ही ठेवतो, पण त्यावर फार भिस्त ठेवू नये. कसरीवर खरा इलाज म्हणजे कापड बाहेर काढणे, झटकणे आणि ऊन देणे.

आपल्या घरात यातली एक गोष्ट वेगळी आहे. दस्तरख्वान सर्वांत जास्त वापरला जातो रमजानात, आणि रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2013 आणि 2014 साली तो जुलैच्या पावसात होता. ईदनंतर धुतलेली कापडे पंख्याखाली वाळवून आम्ही बाहेरच ठेवली, ऑक्टोबरचे ऊन पडल्यावर पेटीत भरली. आता रमजान कोरड्या दिवसांत येतो, तेव्हा धुणे सोपे आहे. पण जे डाग दिसत नाहीत तेही धुवावेत. सरबताचा थेंब, खजुराचा चिकटा, सालनाचे तेल तेव्हा दिसत नाही, महिन्यांनी तपकिरी होऊन वर येते आणि तोवर मुंग्यांना पत्ता लागलेला असतो. हळदीचा डाग साबणाने लाल झाला तर घाबरू नये. नीट खळबळून दोन दिवस उन्हात टाकला की फिकटतो.

पेटीच्या तळाशी अगदी शेवटी एक पांढरे गाठोडे होते. सासूबाईंचे कफन. हजहून आल्या तेव्हा जमजमच्या पाण्यात भिजवून आणलेला लट्ठा, पाचही कापडे मोजून. दर ऑक्टोबरात त्या स्वतः ते उन्हात टाकत, कोणाला हात लावू देत नसत, आणि ऊन उतरले की घडी बदलून ठेवत. एक ठिपका नाही, एक चीर नाही. या वेळी मात्र ते त्यांनी आमच्या हातात दिले. कुठे ठेवणार ते विचारले. कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर, मलमलीत, एकटे, असे आम्ही सांगितले. वरची फळी नको म्हणाल्या, घाईच्या वेळी स्टूल शोधत बसाल. मधल्या फळीवर जागा ठरली. मग गाठोड्याला चिठ्ठी लावायला सांगितली. आम्ही उर्दूत लिहिली, ती त्यांनी वाचली आणि म्हणाल्या, ‘मराठीतही लिहा. पोरांना उर्दू कुठे वाचता येते?’