भिंतीचं गाव

पाहुणे आले की आम्हा मॉन्ट्रियलकरांचा कार्यक्रम ठरलेला असतो. पहिल्या दिवशी नोत्र-दामचं चर्च आणि जुनं बंदर, दुसऱ्या दिवशी माँ-रोयालचा डोंगर, आणि तिसऱ्या दिवशी पाहुणे विचारतात, "इथून नायगरा किती लांब?" (गाडीने जवळजवळ सात तास. टोराँटोकर मंडळींनी कृपया हसू नये.)

पण गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून आलेल्या आमच्या भाच्याने बूट काढता काढताच वेगळी फर्माईश केली. "मामा, तो जिथे थुंकला ना, ते स्टेडियम आधी बघायचंय."

सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली. "कोण थुंकलं?"

तर मंडळी, ही हकीकत त्या थुंकण्याची.

पुण्यात इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलवर आमच्याकडे पिंक फ्लॉइडच्या 'द वॉल'ची कॅसेट होती. मूळ कुणाची होती देव जाणे; कॉपीची कॉपी, त्यामुळे गाण्याइतकीच खरखरही पाठ झालेली. परीक्षा जवळ आल्या की लहान मुलांच्या कोरसचं ते प्रसिद्ध गाणं मोठ्याने लावायचं आणि सबमिशन, व्हायवा, मेसची भाजी या सगळ्यांचा एकदम निषेध करायचा, अशी प्रथा होती. लंडनच्या इझलिंग्टन ग्रीन शाळेतल्या खऱ्या मुलांनी ते गायलंय, एवढी माहिती असणारा मुलगा आमच्यात विद्वान समजला जाई. अर्थ आम्ही आमच्यापुरता लावला होता. भिंत बांधणारे ते, म्हणजे मास्तर, विद्यापीठ, सरकार, झालंच तर वडील. आणि आम्ही बिचाऱ्या विटा.

2004 साली एम.एस.साठी मॉन्ट्रियलला आलो तेव्हा ती कॅसेट बॅगेत होती, लोणच्याच्या बरणीशेजारी. पण हा अल्बम ज्या प्रसंगातून निघाला तो याच गावात घडला, याचा आम्हाला पत्ता नव्हता. तो सांगितला आमच्या प्रयोगशाळेतल्या एका जुन्या तंत्रज्ञाने. तो स्वतः त्या रात्री स्टेडियमात होता. मात्र थुंकणं त्याने पाहिलं नव्हतं. "तेवढ्या गर्दीत थुंकी दिसते होय?" तो म्हणाला. "फटाके मात्र ऐकले."

भाच्याला आणि चिरंजीवांना घेऊन आम्ही हिरव्या लाइनने निघालो. इथल्या मेट्रोला रबरी टायर असतात, त्यामुळे खडखडाट कमी. उतरायचं स्टेशन पी-नफ. पोप नववे पायस यांच्या नावाच्या रस्त्यावरून हे नाव आलं, आणि नऊ हा आकडा रोमन लिपीत लिहितात. आम्ही पहिली दोन वर्षं त्याला 'पाय-आय-एक्स' म्हणत होतो आणि कुणालाच आमचा प्रश्न का कळत नाही याचं नवल करत होतो.

बाहेर आलं की समोर ते अवाढव्य स्टेडियम. 1976 च्या ऑलिंपिकसाठी फ्रेंच वास्तुशिल्पी रोजे तायिबेर यांनी आखलेलं. शेजारी 165 मीटर उंचीचा कललेला मनोरा. इंजिनिअर म्हणून पाहावं तर मान झुकते, हिशेबनीस म्हणून पाहावं तर डोळे पांढरे होतात. गोल आकारामुळे त्याला 'बिग ओ' म्हणतात, पण गावकऱ्यांनी त्याचं 'बिग ओव' केलं, ओव म्हणजे देणं. ते देणं फिटायला 2006 उजाडलं, आणि त्यात मोठा वाटा सिगारेटवरच्या कराचा होता. 1977 मध्ये मनोरा अर्धवट होता आणि डोक्यावर छप्परच नव्हतं.

त्या वर्षी 6 जुलैला पिंक फ्लॉइडच्या दौऱ्यातला शेवटचा कार्यक्रम इथे झाला. गावोगावची स्टेडियमं करून मंडळी थकलेली. हजारोंची गर्दी, कुणी ओरडतंय, कुणी फटाके उडवतंय. रॉजर वॉटर्स एक हळुवार गाणं गाता गाता थांबला आणि श्रोत्यांवर खेकसला. पुढे रंगमंचाजवळ एक मुलगा सारखा आरडाओरडा करत होता. वॉटर्सने त्याला जवळ येऊ दिलं आणि त्याच्या तोंडावर थुंकला. गिटारवाला डेव्हिड गिल्मर इतका वैतागला की शेवटच्या गाण्याला मंचावर आलाच नाही.

नंतर वॉटर्सला स्वतःचीच किळस आली. आपल्यात आणि ऐकणाऱ्यांत एक भिंत आहे, मग ती सरळ बांधूनच का दाखवू नये, असं त्याच्या मनात आलं. 30 नोव्हेंबर 1979 ला अल्बम बाहेर पडला. बॉब एझ्रिन हा त्याचा एक निर्माता आपल्या टोराँटोचा. मग 1980-81 मध्ये लॉस एंजेलिस, न्यूयॉर्कजवळचं युनियनडेल, लंडन आणि डॉर्टमुंड या चारच ठिकाणी त्याचे प्रयोग झाले. गाणी चालू असताना कामगार पुठ्ठ्याच्या मोठाल्या विटा रचत जायचे, मध्यंतरापर्यंत वादक दिसेनासे व्हायचे, आणि शेवटी भिंत कोसळायची. 21 जुलै 1990 ला वॉटर्सने तीच भिंत बर्लिनमध्ये उभारून पाडली. मॉन्ट्रियलनेही उट्टं काढलं. 2017 साली, गावाला 375 वर्षं झाली तेव्हा, इथल्या ऑपेरा कंपनीने ज्युलियाँ बिलोदो यांच्याकडून त्याचा चक्क ऑपेरा करवून घेतला.

आता आमचं मत. चौथी बाजू, जिथे नायकावर खटला वगैरे चालतो, ती आम्हाला अजूनही अतिनाटकी वाटते. आणि सौ.चा आक्षेप असा की बापाविना पोर वाढवणाऱ्या आईला उगाच खलनायिका केलंय. (वॉटर्स पाच महिन्यांचा असताना, 1944 मध्ये, त्याचे वडील इटलीत आन्झिओच्या लढाईत गेले.) पण थुंकण्याची गोष्ट कळल्यावर कॅसेट पुन्हा लावली तेव्हा हॉस्टेलमधला आमचा अर्थ उलटा झाला. मास्तर, आई, लढाई यांनी विटा पुरवल्या हे खरं. गवंडी मात्र तो स्वतःच.

हे सगळं आम्ही स्टेडियमबाहेर उभं राहून रंगवून सांगितलं. भाचा खूश. चिरंजीव, वय वर्षं पंधरा, मनोऱ्याकडे बघत म्हणाले, "मग तो सॉरी म्हणाला का त्या मुलाला?"

"अरे, अख्खा अल्बम लिहिला की!" भाचा म्हणाला.

"ते सॉरी नाही झालं, दादा."

आमची वाचा बसली. का, ते सांगायला थोडं मागे जायला हवं.

1977 चा तोच उन्हाळा या प्रांताला दुसऱ्या एका कारणाने आठवतो. त्या कार्यक्रमानंतर सात आठवड्यांनी, 26 ऑगस्टला, इथे 101 क्रमांकाचा कायदा झाला आणि आपल्यासारख्यांच्या मुलांना फ्रेंच शाळेत घालणं भाग पडलं. आमचे चिरंजीवही तिथेच. सौ.ने सरकारच्या फुकट वर्गात जाऊन फ्रेंच शिकून घेतलं. आम्हाला 'वेळ नव्हता'. ऑफिसात इंग्रजीवर भागतं, मग कशाला? शिवाय मनात अढी होतीच. आमचं पहिलं बिऱ्हाड पार्क-एक्स्टेंशनमध्ये साडेतीनात होतं (इथे न्हाणीघर म्हणजे अर्धी खोली, साडेतीन मुहूर्तांच्या लोकांना हे पटकन कळतं). तिथून लाकादी रस्ता ओलांडला की श्रीमंतांचं टाउन ऑफ माउंट रॉयल लागतं, आणि मध्ये 1960 मध्ये घातलेलं लांबलचक तारेचं कुंपण. त्या कुंपणावर आम्ही पाहुण्यांना तावातावाने भाषणं दिलीत.

आणि तीन वर्षांपूर्वी मुलाच्या शाळेत पालकसभा होती. सौ. आजारी, म्हणून आम्ही गेलो. त्याच्या वर्गशिक्षिकेने हसून फ्रेंचमध्ये सुरुवात केली. आम्ही तिला मध्येच तोडून इंग्रजीत म्हणालो, की आम्ही इथे कर भरतो, आम्हाला कळेल अशा भाषेत बोला. बाई लाल झाल्या. पुढची दहा मिनिटं त्यांनी मोडक्या इंग्रजीत मुलाचं कौतुक केलं. मुलगा मध्ये बसून बुटाच्या नाड्या बघत होता. त्यानंतर सभेच्या चिठ्ठ्या आमच्या हातात यायच्या बंद झाल्या, आणि 'जेवलास?', 'हो', 'अभ्यास?', 'झाला' यापुढे आमचं संभाषण गेलं नाही. आम्ही सौ.पाशी कुरकुर करायचो, की या वयात मुलं भिंती बांधतात.

परतताना बेरी-युकामला लाइन बदलून शाँ-द-मार्सला उतरलो. नगरभवनाच्या मागे हिरवळीत जुन्या मॉन्ट्रियलच्या तटाचा पाया उघडा करून ठेवलाय, दगडांच्या लांब समांतर रांगा. शोसग्रो द लेरी नावाच्या इंजिनिअरच्या देखरेखीखाली 1717 पासून हा तट बांधला गेला, आणि 1804 ते 1817 च्या दरम्यान पाडला. बांधायला कित्येक वर्षं आणि पाडायलाही तेरा! आमच्यातल्या इंजिनिअरला राहवलं नाही, दगडाची जोडणी भाच्याला समजावू लागलो. मग मध्येच थांबून मुलाला विचारलं, "त्या बाई अजून आहेत का रे शाळेत?"

त्याने वर पाहिलं. कुठल्या बाई, असं त्याने विचारलं नाही.

"आहेत. दुसऱ्या मजल्यावर."

"सप्टेंबरात त्यांना भेटायचं म्हणतो. माफ करा, हे फ्रेंचमध्ये कसं म्हणतात?"

"मादाम, ज व्हू दमाँद पार्दाँ."

आम्ही म्हटलं. भाचा फिस्सकन हसला.

"'र' जिभेने नाही बाबा, घशातून काढ. पुन्हा म्हण."

पुन्हा म्हटलं.

"पुन्हा."