द्राक्षांच्या टेकड्यांवर मामांसोबत

वाचकहो, ज्या घरातील एखाद्या माणसाने दारू सोडलेली असते, त्या घराला एक सवय जडते. लग्नाची पत्रिका आली की ते घर मुहूर्त नंतर पाहते. रात्री तिथे 'बसणारे' कोण कोण असतील, याचा अंदाज आधी घेते. सहली, बारशी, मित्रांच्या एकसष्ट्या, सगळे याच चाळणीतून जाते. तुमच्या घरी असे कोणी असेल, तर मी काय म्हणते ते तुम्हांला लगेच उमगेल.

माझे मामा तासगाव तालुक्यातील द्राक्षबागायतदार. एका वर्षी गारपिटीने बाग झोडपली, पुढच्या वर्षी एका व्यापाऱ्याने पैसे बुडवले आणि मामांच्या संध्याकाळी लांबत गेल्या. पुढे यकृताला सूज आली, व्यसनमुक्ती केंद्रात राहणे झाले, आणि त्यानंतरची आठ वर्षे त्यांनी थेंबालाही स्पर्श केलेला नाही. हे सारे मी थोडक्यात सांगते आहे, कारण ते स्वतःही त्याविषयी याहून अधिक बोलत नाहीत.

आम्ही फ्लोरेन्सला राहतो. गेल्या वर्षी मामांनी कळवले, ऑगस्टअखेर येतो, ऑक्टोबर छाटणीच्या आत परत गेले पाहिजे. आणि तुमच्याकडची द्राक्षाची गावे बघायची आहेत. त्याच रात्री मामींचा फोन आला. "त्यांना पोप दाखव, तो वाकडा मनोरा दाखव. पण त्या गावांना तेवढं नेऊ नकोस, बाई." मामींचे काही चुकले नव्हते. आमच्या दक्षिणेची तोस्कानाची गावे, मोंताल्चिनो असो की मोंतेपुल्चानो, जगाला ठाऊक आहेत ती वाइनमुळेच. मी मामांनाच विचारले. ते म्हणाले, "चाळीस वर्षं द्राक्षं केली मी. द्राक्षाचं काय चुकलं त्यात? बघतो, पण तीन गोष्टी सांगतो. उपाशीपोटी मला त्या वासात न्यायचं न्हाई. रातचं जेवण हाटेलात न्हाई. आन् मी 'चल' म्हणालो, की का म्हणून इचारायचं न्हाई."

या तीन अटींमागे किती शहाणपण आहे पाहा. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात भूक, राग, एकटेपणा आणि थकवा ही चार संकटे म्हणून सांगतात. मन डगमगते ते बहुधा यांपैकी एकाच्या पाठीवर बसून. इटलीतील टेकडीवरच्या गावांत यांपैकी दोन तर दाराशीच उभी असतात. गाडी तटाबाहेर ठेवून दगडी चढ चढायचे, आणि दुपारी अडीचनंतर खाणावळींची चूल बंद होते ती थेट साडेसातला पेटते. पाच-सहाच्या सुमारास माणूस दमलेला, भुकेला आणि समोर प्रत्येक मेजावर लाल पेला. दुसरी गोष्ट वासाची. गंध आणि आठवण यांचा मेंदूतील संबंध फार जवळचा आहे. वर्षानुवर्षे दूर राहिलेल्या माणसालाही एखाद्या वासाने पूर्वीची ओढ क्षणभर जाणवू शकते. तिला घाबरायचे कारण नाही; पण 'इतकी वर्षे झाली, आता काय होणार आहे' असे समजणेही बरे नव्हे.

म्हणून पिएन्झाजवळ एका शेतघरात आम्ही तीन रात्रींसाठी खोल्या घेतल्या, स्वयंपाकघरासह. पिठले-भाताचे सामान मी बरोबर ठेवले होते.

जाताना वाटेत कियान्तीचा प्रदेश लागला. 1716 साली तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने फर्मान काढून कियान्ती वाइनच्या प्रदेशाच्या सीमा आखून दिल्या होत्या, एवढे मी मामांना सांगितले. त्यांना त्या ड्यूकशी काही कर्तव्य नव्हते. जमीन कोण कसत होते, हे त्यांनी विचारले. इथे शतकानुशतके 'मेझ्झाद्रिया' होती, म्हणजे पीक निम्मे मालकाचे, निम्मे कसणाऱ्याचे. असे नवे करार 1964 च्या कायद्याने बंद झाले, हे ऐकल्यावर मात्र ते खिडकीकडे वळले आणि ती घरे निराळ्या नजरेने पाहू लागले. "म्हंजे अर्धेलीच की," ते म्हणाले. त्यानंतर तासभर आम्हांला मार्गदर्शकाची गरज पडली नाही.

मोंताल्चिनोच्या उतारावर एका छोट्या मळ्यात आम्ही सकाळी नाश्ता करून पोहोचलो. मालक साठीचे, रापलेले गृहस्थ. इथली ब्रुनेल्लो ही वाइन केवळ सांजोव्हेझे या एकाच जातीच्या द्राक्षांची करतात, आणि तोडणीनंतरच्या पाचव्या वर्षाच्या जानेवारीपर्यंत ती बाजारात आणता येत नाही. मामा ओळीत शिरले आणि दहाव्या पावलाला थबकले. खाली मातीत घडच्या घड कापून टाकलेले, सुकत चाललेले. "अगं, ह्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय का?" मी दुभाषी झाले. मालक म्हणाले, राहिलेल्या घडांत रस दाट उतरावा म्हणून आम्ही उन्हाळ्यात मुद्दाम घड कमी करतो. शिवाय नियमच आहे, हेक्टरी आठ टनांहून अधिक द्राक्षे घेता येत नाहीत. मामांनी मनात हिशेब केला. एकरी सव्वातीन टन! आमच्याकडे एकरी दहा-बारा टनांची बाग चांगली म्हणवते. विरळणी मामाही करतात, पण ती मण्यांना जागा मिळावी म्हणून. पोसलेला घड मातीत टाकायचा, हे त्यांना पटेना.

मग मालकांनी खिशातून रिफ्रॅक्टोमीटर काढला. मण्याचा एक थेंब काचेवर, आणि डोळ्याला लावून साखर मोजायची. मामांनी तो जवळजवळ हिसकावून घेतला, कारण त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घरी असाच एक असतो. त्यापुढे माझी गरज उरली नाही. एक इटालियनमध्ये, दुसरा तासगावच्या बोलीत. पानावरची भुरी, बोर्डो मिश्रण, ओलांडा, पावसाची भीती. मामांनी बोटे दाखवून समजावले, आमच्याकडे वर्षात दोनदा छाटणी, एप्रिलला खरड आणि ऑक्टोबरला गोडी. वेल झोपतच नाही. मालकांनी हात गालाखाली ठेवून दाखवले, आमची हिवाळाभर झोपते. मामांनी एक मणी खाल्ला. बारीक, जाड सालीचा, आंबूस, बियांनी भरलेला. मालकांनी बिया तळहातावर थुंकून त्यांचा रंग दाखवला: तपकिरी झाल्या की द्राक्ष पिकले. आयुष्यभर बिनबियांची द्राक्षे पिकवणाऱ्या माणसाने त्या बिया कितीतरी वेळ पाहिल्या.

आणि मग, इथल्या रीतीप्रमाणे, पेले आले.

वाचकहो, आग्रह आपल्यालाही नवा नाही. जिलबीचा आग्रह करणारेच आपण. मामांनी छातीवर हात ठेवून मान हलवली. मालकांनी पुन्हा बाटली पुढे केली आणि प्रेमानेच म्हणाले, एक पेला हृदयाला चांगला असतो. मी म्हटले, यांना वर्ज्य आहे आणि मी गाडी चालवते आहे. इथे रक्तात लिटरमागे अर्धा ग्रॅम मद्यार्क ही चालकांची मर्यादा आहे, आणि हे कारण इटलीत कोणालाही लगेच पटते. पेले बाजूला झाले, पाणी आले आणि गप्पा पुढे सुरू राहिल्या.

त्या 'हृदयाला चांगल्या' पेल्याविषयी मात्र मला दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण तो आता आपल्याकडच्या दिवाणखान्यांतही ऐकू येतो. थोडी वाइन पिणारे अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा निरोगी दिसतात, असे पूर्वीच्या अनेक पाहण्यांत आढळले होते. पण त्यांतल्या 'न पिणाऱ्यां'मध्ये कोण होते? माझ्या मामांसारखे लोकही होते! प्रकृती ढासळल्यामुळे ज्यांनी पिणे सोडले, ते त्याच रकान्यात मोजले गेले, आणि साहजिकच तो रकाना आजारी दिसला. द्राक्षाच्या सालीतील रेस्व्हेराट्रॉलची महती सांगतात, पण पेल्यातून मिळणारे त्याचे प्रमाण अगदीच नगण्य असते. मद्याला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1988 सालीच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले आहे. जानेवारी 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानेही मद्याची कोणतीही मात्रा सुरक्षित म्हणता येत नाही, असे स्पष्ट सांगितले. मोंताल्चिनोच्या त्या सज्जन माणसाशी मी वाद घातला नाही. पाहुण्याने यजमानाच्या अंगणात व्याख्यान देऊ नये, असे माझे मत आहे. तुमच्याशी मात्र संकोच नाही.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने हे वाचून उद्यापासून एकाएकी थांबू नये. अशा वेळी झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकते. थांबायचे ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

जेवणाचा भाग मला वाटला त्याहून अवघड निघाला. सुरुवातीच्या काळात मामांना डायसल्फिरामच्या गोळ्या होत्या. त्या चालू असताना खोकल्याच्या औषधातील मद्यार्कही बाधू शकतो, त्यामुळे प्रत्येक गोष्टीत काय घातले आहे हे विचारायची सवय त्यांना तेव्हापासूनची. इथे ती फार उपयोगी पडली. रानडुकराचा रस्सा लाल वाइनमध्ये शिजतो, तिरामिसूत बहुधा मार्साला किंवा रम असते, बदामी बिस्किटांसोबत ती बुडवायला गोड वाइनचा लहानसा पेला न मागता येतो. जाड हातवळ्या शेवयांवर घालतात तो टोमॅटो आणि थोराड लसणीचा रस्सा किती निरुपद्रवी वाटतो. त्यातही काही ठिकाणी पांढऱ्या वाइनचा शिडकावा असतो. शिजवल्यावर सगळा मद्यार्क उडून जातो, ही समजूत चुकीची आहे. थोडाच वेळ शिजवले तर बराच उरतो. पिएन्झाला पोहोचेपर्यंत मामा 'सेन्झा आल्कोल' हे दोन शब्द इतक्या ठसक्यात म्हणू लागले होते, की वाढणारी मुलगी थेट स्वयंपाक्याला बाहेर घेऊन आली. तिथल्या मेंढीच्या दुधाच्या चीजने मामा खूश झाले. बिनमिठाच्या पावाला त्यांनी शेवटपर्यंत माफ केले नाही.

आता मोंतेपुल्चानो. हे गाव एका अरुंद डोंगरकण्यावर पसरले आहे. खालच्या वेशीपासून माथ्यावरच्या चौकापर्यंत चढच चढ. जुन्या वाड्यांच्या पोटात खोदलेली तळघरे आहेत आणि त्यांत ओकच्या लाकडाची, माणसाहून उंच पिंपे. शनिवारी, जेवून, दोन वेळा पारावर बसल्यासारखे पायऱ्यांवर बसून आम्ही तिथवर पोहोचलो. तळघर पाहायचे मामांनीच ठरवले होते. खडकात इतके खोल खोदले कसे, याचे त्यांना कुतूहल होते. पहिल्या वीसेक पायऱ्या उतरलो. हवा गार झाली, आणि तो वास आला. ओले लाकूड, दगड, आणि त्यांत मुरलेली वाइन. पेला कुठेच नव्हता. मामांचा हात कठड्यावर थांबला. ते काही क्षण तसेच उभे राहिले आणि म्हणाले, "चल."

आम्ही वळलो. वर येईपर्यंत कोणी बोलले नाही, आणि अट होती म्हणून मी विचारलेही नाही. त्यांचा चेहरा पाहण्याचाही मोह मी टाळला. पाहण्याने माणसाला चौकशीच्या पिंजऱ्यात उभे केल्यासारखे होते, हे आमच्या घरात मी पुष्कळदा पाहिले आहे. चौकातील विहिरीपाशी बसून त्यांनी पाणी प्यायले, खिशातील खजूर खाल्ले, मला दिले. मग मामींना फोन लावला आणि तटावरून दिसणारी दरी दाखवली. मामींनी विचारले, "कुठं आहात?" ते म्हणाले, "तळघरात गेलतो. न्हाई जमलं. वर आलो." पलीकडे क्षणभर शांतता. मग मामी म्हणाल्या, "बरं झालं. स्वेटर घातलाय का?"

आठ वर्षांत मामींनी 'बरं झालं' इतक्या सहजपणे म्हटलेले मी प्रथमच ऐकले.

दुसऱ्या दिवशी ऑगस्टचा शेवटचा रविवार होता. त्या दिवशी मोंतेपुल्चानोत पिंपांची शर्यत असते: गावच्या आठ आळ्या, प्रत्येक आळीचे दोन गडी, आणि सुमारे ऐंशी किलोचे पिंप ढकलत ढकलत गावचा सगळा चढ चढायचा. जायचे का, असे मी विचारले. "पिपं भरलेली का रिकामी?" "रिकामी." "मग जाऊ की." गर्दीत उभे राहून त्यांनी घसा बसेपर्यंत आरोळ्या दिल्या, आणि ज्या आळीसाठी दिल्या ती हरली.

परतताना त्यांनी मोंताल्चिनोच्या त्या मालकांसाठी माझ्याकडे बेदाण्यांची पिशवी दिली, आपल्या शेडवरची. मी ती पोहोचवली. डिसेंबरात मामींचा फोन आला, सूर तक्रारीचा. बागेत घड विरळणी चालू आहे, आणि मामांनी कडेच्या एका ओळीतील निम्मे घड कापून मातीत टाकले आहेत. गडीमाणसे हसतात, शेजारचे येऊन बघून जातात. "तूच नेलं होतंस ना तिकडं," मामी म्हणाल्या, "आता तूच समजाव." मामा मागून ओरडत होते, की फक्त एकच ओळ आहे, आणि मार्चमध्ये साखर मोजून तिला फोटो पाठवणार आहे म्हणून सांग.