पोरं बर्फाची वाट बघतात, मी मोहोराची



महिनाभर इथं काही लिहिलं नाही. झोडणी झाली, पेंढा रचला, भाताच्या वाफ्यात पावटा-कुळीथ टाकला, आणि मग फवारणीच्या मागं लागलो. आज पंप दुरुस्तीला गेलाय म्हणून हात रिकामे आहेत. म्हणलं एक गोष्ट सांगायची राहून गेलीय ती सांगून टाकू. गोष्ट थंडीची आहे, बर्फाची आहे, आणि माझ्या खालच्या बागेतल्या बावीस कलमांची आहे.

आमच्या पुतण्याला आणि त्याच्या चार मित्रांना हवामानाचं वेड आहे. कुणाला क्रिकेटचं असतं, कुणाला गाड्यांचं, यांना हे. पावसाळ्यात गच्चीवर पर्जन्यमापक लावून रोज सकाळी मिलिमीटर मोजतात. उन्हाळ्यात वळवाच्या ढगांचे फोटो काढतात. आणि डिसेंबर लागला की यांचं एकच, महाबळेश्वरात बर्फ पडणार का. मोबाईलवर विंडी उघडायचं, रंगीत नकाशे बघायचे, उत्तरेकडून वारं कधी सुटतंय ते एकमेकांना सांगायचं. पारा एक अंश खाली गेला की यांना सण.

मला आधी हसायला यायचं. गेल्या वर्षी हसायचं सोडून राग आला. कारण त्याच थंडीनं माझं नुकसान केलं होतं.

जे आंबेवाले आहेत त्यांना माहीत आहे, पण बाकीच्यांसाठी सांगतो. हापूसला थंडी लागते. पावसाळ्यानंतर आलेली पालवी जून झाली, जमिनीतली ओल कमी झाली आणि रात्री गार पडायला लागल्या की मोहोर फुटतो. थंडी आली नाही तर झाड नुसती पालवी काढत बसतं. म्हणून दिवाळीनंतर आम्ही सगळे आभाळाकडं बघतो. मळभ नको, गारवा पाहिजे. मळभ आलं की तुडतुडे वाढतात, भुरी पसरते, आणि औषधांचा खर्च दुप्पट.

पण थंडी किती पाहिजे यालाही माप आहे. मोहोर आला, वाटाण्याएवढी कैरी धरली, आणि त्यानंतर कडक थंडी आठ-दहा दिवस राहिली की त्याच झाडाला पुन्हा मोहोर येतो. याला पुनर्मोहोर म्हणतात. झाडाचं सगळं अन्न नव्या मोहोराकडं जातं आणि आधी धरलेली कैरी गळून पडते. नव्या मोहोरात नर फुलं जास्त, त्यामुळं फळ फार धरत नाही. जी धरतात ती उशिरा तयार होतात, आणि तोवर बाजार पडलेला असतो नाहीतर वळवाचा पाऊस आलेला असतो. पैसे पहिल्या आंब्याचे असतात, आणि नेमका तोच जातो.

गेल्या जानेवारीत माझ्या खालच्या बागेत असंच झालं. सकाळी झाडाखाली गेलो तर पायाखाली कैऱ्यांचा सडा, वर बघितलं तर झाड पांढरं-लाल मोहोरानं भरलेलं. येणारे-जाणारे म्हणायचे, काय मोहोर आलाय यंदा! मी काय बोलणार? सोसायटीचं कर्ज त्या पहिल्या काढणीवर फेडायचं ठरवलेलं. त्याच दिवशी संध्याकाळी पुतण्या उड्या मारत आला, "काका, उद्या वेण्णा लेकवर बर्फ जमणार, शंभर टक्के. येताय का?"

त्याला दोन शब्द ऐकवणार होतो. पण बायको म्हणाली, "जा की. इथं कैऱ्या मोजत बसून काय होणार हाय?" म्हणून गेलो.

रात्री एकला निघालो. कुंभार्ली घाट चढून हेळवाक, कोयनानगर, पाटण, मग सातारा, मेढा आणि केळघरचा घाट. जीपमध्ये पोरांच्या गप्पा एकच, आज किती उतरणार. एक म्हणत होता शून्य, दुसरा म्हणत होता शून्याच्या खाली. साडेपाचला वेण्णा तलावाजवळ उतरलो आणि कान बधिर झाले. अंधारात बॅटरी मारली तर गवत पांढरं. बोटींसाठी जो लाकडी धक्का आहे त्यावर पांढरा थर. उभ्या गाड्यांच्या टपावर नखानं ओरखडा काढला की पीठ निघावं तसं बर्फ निघत होतं. पोरं वेडी झाली. माणसं अंधारातच गोळा होत होती, फोटो काढत होती, कोणी बशीत बर्फ गोळा करत होतं. खोटं कशाला बोलू, मी पण बोटानं उचलून जिभेवर ठेवलं. पन्नाशी उलटलेला माणूस मी, पण आभाळाखाली जमलेलं बर्फ पहिल्यांदाच बघत होतो.

पण पुतण्यानंच मला समजावलं की हा बर्फ पडलेला नाही, जमलेला आहे. आपल्याकडं सकाळी गवतावर जे दहिवर असतं, तेच इथं गोठतं. खरा बर्फ पडायचा तर वर ढग पाहिजेत आणि ढगापासून जमिनीपर्यंत हवा गोठवणारी पाहिजे. आपल्या सह्याद्रीवर या दोन गोष्टी एकत्र येत नाहीत. थंडी पडते ती आभाळ निरभ्र असतं म्हणून. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आभाळाकडं सोडून देते. ढग आले की जमिनीवर गोधडी घातल्यासारखं होतं, उष्णता अडते आणि पारा वर चढतो. म्हणजे थंडी असते तेव्हा ढग नसतो, आणि ढग येतो तेव्हा थंडी जाते. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर आहे, तेवढी उंची त्याला पुरत नाही.

मी विचारलं, "मग तुम्ही वाट कशाची बघता रे?"

तो म्हणाला, "काका, वाट बघायला काय जातंय?"

तिथंच आणखी एक गोष्ट कळली. गावातल्या सरकारी वेधशाळेत त्या दिवशी पारा पुष्कळ वर होता, आणि इथं तलावावर बर्फ. मला वाटलं कोणीतरी खोटं सांगतंय. तर तसं नाही. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून चार फूट उंच, पांढऱ्या पेटीत असतो. जमिनीलगतची हवा त्यापेक्षा गार असते. शिवाय गार हवा जड. ती रात्रभर उतारावरून हळूहळू वाहत खोलगट जागेत येऊन बसते, पाटाचं पाणी शेवटच्या वाफ्यात साचतं तशी. वेण्णा तलाव खोलगटात आहे, म्हणून तिथं गोठतं.

हे ऐकलं तेव्हा माझ्या डोक्यात अजून काही आलं नव्हतं.

उजाडायला लागलं तसा मी पोरांना सोडून रस्त्याच्या कडेनं चालत गेलो. खाली स्ट्रॉबेरीचे वाफे. एक माणूस तुषार सिंचन चालू करून वाफ्यातून फिरत होता, डोक्याला मफलर, पाय चिखलात. मी थांबलो.

"पाव्हणं, कुठनं आलाय?"

"पोफळीवरनं. चिपळूणकडचा. आंबेवाला आहे."

"मग तुम्हाला सांगाया नको," तो म्हणाला. आणि वाकून एक फूल दाखवलं. पाकळ्या पांढऱ्या, चांगल्या, पण मधला डोळा काळा पडलेला. "हे गेलं. आता याला फळ नाही. रात्री दव गोठलं की फूल असं जळतं. ऊन यायच्या आत पाणी मारून बर्फ धुवायचं, तेवढंच हातात. ती बघा," त्यानं तलावाकडं बोट केलं, "त्यांची जत्रा, आमची पाळत."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. पुढं म्हणाला, "आता ती माणसं आली तर स्ट्रॉबेरी पण घेत्यात. त्यांना काय बोलायचं."

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी सगळ्या देशात जाते, तिला २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण थंडीपुढं ती आणि आमचा हापूस सारखेच. थंडी पाहिजे, पण मापात. निफाडकडच्या द्राक्षवाल्यांचंही तेच. २०१८ च्या डिसेंबरात निफाडला पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता. मणी तडकू नयेत म्हणून तिकडं पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक चालू ठेवतात. आणि बर्फासारखं पांढरं शिवार बघायचं असेल तर मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट विचारा. गारांचे ढीग साचले होते, काश्मीरसारखे फोटो आले होते. त्या फोटोंत गारांखाली काय होतं ते गहू-हरभरावाल्यालाच माहीत.

परत येताना जीपमध्ये पोरं झोपलेली. पुतण्या तेवढा जागा होता. त्याला मी खालच्या बागेचं सांगितलं. वरची बाग कातळावर आहे, तिथं एवढा पुनर्मोहोर नाही. खालची पऱ्याच्या कडेला, तिथंच सगळा घोटाळा. जात एक, खत एक, फवारणी एक. मला वाटायचं जमिनीत काहीतरी आहे.

तो एकदम सरळ बसला. "काका, तुमची खालची बाग म्हणजे वेण्णा लेकच झालं की!"

यंदा नोव्हेंबरात त्यानं दोन कमाल-किमान तापमापक आणले. पेटी करायची म्हणून सुतार शोधत होता. मी आंब्याची जुनी लाकडी पेटी दिली. तिला फटी असतातच, वारा खेळतो. पांढरा रंग मारला, आडवी टांगली, जमिनीपासून चार फूट, सावलीत. एक वर कातळावर, एक खाली पऱ्याजवळ. रोज सकाळी मी जाऊन आकडे बघायचे आणि वहीत लिहायचे. दहावीनंतर मी एवढं नेमानं काही लिहिलं नसेल.

पहिल्याच आठवड्यात फरक दिसला. वर १५, तर खाली १३. थंडी वाढली तसा फरकही वाढला. डिसेंबरच्या शेवटी एका पहाटे वर १३ होते आणि खाली साडेनऊ. बांधाबांधानं गेलं तर दोन्ही बागांत पाच मिनिटांचं अंतर. ज्या दिवशी मळभ होतं त्या दिवशी दोन्हीकडं आकडा जवळजवळ सारखा. म्हणजे पोरगं वेण्णा लेकवर जे सांगत होतं ते माझ्या बागेत उतरलं. त्यात आमची पोफळी डोंगराच्या पश्चिमेला, अगदी पायथ्याशी. सूर्य सह्याद्रीच्या मागून वर यायचा, त्यामुळं ऊन खाली पोचायला उशीर. गार हवा खालच्या बागेत तेवढी जास्त वेळ बसून राहते, दहिवरही लवकर सुकत नाही. भुरी तिथंच आधी का दिसते तेही कळलं.

वडील म्हणायचे, पऱ्याच्या कडेला सुपारी लाव, पोफळीत पोफळ लावायची सोडून आंबा कशाला. मी ऐकलं नाही. त्यांनी कधी तापमापक बघितला नव्हता, पण पहाटे गुरं घेऊन त्याच पऱ्यावर उघड्या पायांनी जायचे.

आता झाडं उपटणार नाही. वीस वर्षांची कलमं आहेत. मग केलं काय? दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची पुनर्मोहोरासाठी शिफारस आहे, जिब्रेलिक आम्ल ५० पीपीएम, म्हणजे २० लिटर पाण्याला १ ग्रॅम. पावडर पाण्यात सरळ विरघळत नाही, आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून घ्यावी लागते. औषध महाग, म्हणून सगळ्या बागेला मारायचं परवडत नव्हतं. गेल्या वर्षी त्या खर्चामुळंच टाळलं होतं. यंदा फक्त खालच्या बावीस झाडांना मारलं. वरच्या बागेला गरज नाही हे आता वही सांगते. कोणी करणार असाल तर आपल्या कृषी सहायकाला वेळ विचारून करा. मोहोर पुरेसा आला नसेल तर या फवारणीनं उलट नुकसान होईल.

गुण येईल का? आज सांगता येत नाही. कैरी आत्ता वाटाण्याएवढी आहे. परवापासून पुन्हा थंडी वाढणार असं पोरं म्हणतात. हिमाचलात, काश्मिरात बर्फ पडला, आता तिकडचं आभाळ मोकळं होईल आणि उत्तरेचं वारं खाली सुटेल. म्हणजे बघा, बर्फ आपल्याकडं पडत नाही, पण तिकडं पडलेल्या बर्फावर आपला मोहोर अवलंबून असतो. हे मला पन्नास वर्षं कळलं नव्हतं.

काल संध्याकाळी पुतण्या आला. डोळे चमकत होते. "काका, या शनिवारी वेण्णा लेक पक्कं. येताय?"

मी म्हणलं, "नाय रे बाबा. माझा लेक इथंच आहे खाली. शनिवारी पहाटे मी तिथंच असणार, बॅटरी घेऊन."

तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "मग मी पण इथंच थांबतो. आकडा मी लिहीन, तुम्ही कैऱ्या बघा."

तर मंडळी, शनिवारी आम्ही दोघं खालच्या बागेत. त्याला पारा उतरायला पाहिजे, मला नको. आकडा काय येतो आणि कैरी किती टिकते ते पुढच्या वेळी लिहितो. तुमची बाग खोलगटात असेल तर एक तापमापक आणून टांगा. पेटी तर घरात असतेच.

पंपाचा फोन आला. निघतो.

राम राम.