कोरा राखलेला कागद

चित्रकला हा माझा व्यवसाय नव्हे. कोणत्याही कलाशाळेची पायरी मी चढलेली नाही. शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर जलरंगांची एक लहानशी पेटी घेतली आणि गेली नऊ वर्षे सकाळचा तास-दीड तास तिच्या सोबतीने जातो. चित्रांचे विषय कुठून सुचतात, असे मैत्रिणी विचारतात. माझ्या वह्या चाळल्या तर तीनच गोष्टी पुन:पुन्हा आढळतात : फुले, प्रवास आणि दारे.

आमच्या घरी झाडावरचे फूल केवळ हौसेसाठी तोडण्याची रीत नव्हती. त्यामुळे मीच फुलाकडे जाते; अंगणातल्या तगरीपुढे पाट टाकून बसते. पारिजातक मात्र आपण होऊन खाली येतो. त्याच्या पाकळ्यांचा टवटवीतपणा ऊन चढेपर्यंतचाच, म्हणून हात लवकर चालवावा लागतो. या पांढऱ्या फुलांनीच मला जलरंगांचे पहिले मर्म शिकवले. पारदर्शक जलरंगात पांढरेपणा लावायचा नसतो, राखायचा असतो. पाकळीच्या जागी कागद कोरा सोडायचा आणि भोवतीची पाने, सावल्या रंगवायच्या. खोलगट भागात निळसर करड्या रंगाचा अगदी पातळ हात दिला, की फूल कागदावरून उठून दिसते. मुरलेला रंग पुसून तो पांढरेपणा पूर्णपणे परत मिळवणे अवघड असते. म्हणून काय रंगवायचे याच्या आधी काय सोडायचे, हे ठरवावे लागते.

प्रवासाने हाच धडा निराळ्या रीतीने दिला. वेरूळच्या 30 ते 34 क्रमांकांच्या लेण्यांपैकी 32 क्रमांकाची इंद्रसभा मी दोनदा पाहिली. वरच्या मजल्यावर छतात एक भव्य कमळ कोरलेले आहे. मान दुखेपर्यंत ते वहीत उतरवताना जाणवले, की कारागिराने तेथे काहीच नवे आणून जोडलेले नाही. नको तेवढा खडक काढीत गेला आणि पाकळ्या उरल्या. सोबतची मंडळी छायाचित्रे घेऊन पुढे गेली होती. परंतु हाताने रेखाटताना जितका वेळ थांबावे लागते, तितक्या वेळातच ते कमळ मला दिसू लागले.

फुले आणि दारे यांचा ध्यास एकाच व्यक्तीला असू शकतो, हे अमेरिकन चित्रकर्ती जॉर्जिया ओकीफ यांच्यामुळे कळले. प्रचंड आकाराच्या फुलांच्या चित्रांसाठी त्या ख्यातनाम आहेत. न्यू मेक्सिकोतील अबिक्यू येथे 1945 साली त्यांनी कच्च्या विटांचे एक पडके घर घेतले, ते मुख्यत: अंगणाच्या भिंतीतल्या एका दारासाठी. पुढे ते दार त्यांनी वीसहून अधिक वेळा रंगवले. इतक्या वेळा एकच दार कशासाठी, हा प्रश्न मला पूर्वी पडला असता; आता पडत नाही.

कारण माझेही एक दार आहे. कृष्णाकाठच्या आमच्या गावी आजोळचा वाडा होता. सागवानी चौकट, पितळी फुल्या जडवलेल्या दोन भक्कम फळ्या आणि एका फळीत वाकून आत शिरण्यापुरती दिंडी. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपली, की आजी त्या उंबरठ्याशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची विचारपूस करी. दिंडीतून पाहिले की प्रथम देवडीचा काळोख आणि त्यापलीकडे चौकातले लख्ख ऊन दिसे. चार वर्षांपूर्वी वाटण्या झाल्या, वाडा विकला गेला. चौकट जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने नेली. आज तेथे मोकळी जागा आहे.

आईला हे सांगावे की नाही, यावर आम्हा भावंडांत मतभेद होते. तिचे वय शहाऐंशी, स्मरण विरळ होत चाललेले. मी सांगितले नाही. दार रंगवायला घेतले. देवडीचा काळोख तीन थरांत गडद केला आणि चौकाच्या जागी बोटाच्या पेराएवढा कागद कोरा राखला. जे आता उरले नाही, तेथे माझ्याकडून रंग लागेना, हेही खरे.

चित्र आईपुढे धरले. बराच वेळ ती त्या कोऱ्या ठिकाणाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “चौकात ऊन आलंय गं. पापड घातलेस का वाळत?”

“घातलेत, आई,” मी म्हणाले.

वाडा गेल्याचे तिला अद्याप सांगितलेले नाही. सांगणे योग्य ठरेल की न सांगणे, याचा निर्णय माझ्याने होत नाही. मात्र चित्र तिच्या पलंगासमोर लावले आहे आणि ती त्याच्याकडे पाहून माहेरच्या माणसांची नावे घेते. एरवी ती तिला आठवत नाहीत.

वाचकहो, आपल्या गावी एखादे जुने दार अजून उभे असेल, तर सवड काढून त्याच्यासमोर बसावे. चित्र येत नसले तरी चालेल. फुल्या किती, कडी कोणत्या बाजूला, उंबरठा कुठे झिजला आहे, एवढे तरी वहीत टिपावे. आणि घरात वडीलधारे कोणी असेल, तर वही त्यांना दाखवावी. पुढचे ते सांगतील.