चढावरचा ठसका

माणसाप्रमाणे गाडीचेही दुखणे ओझे पडल्यावर कळते. आमची वीस वर्षांची टर्बो गाडी उभी असताना शांत असे. पुलाच्या चढावर पाय दाबला, की मिसिंग करी. चिरंजीव म्हणाले, "बाबा, भंगारात द्या."

साकीनाक्याच्या मिस्त्रींना स्कॅनरवर तिसरा सिलिंडर दिसला. त्यांनी त्याची कॉइल दुसऱ्यावर बसवून फेरी मारली. ठसका तिसऱ्यावरच! म्हणजे कॉइल निर्दोष. मग प्लग काढला. टोक झिजून फट १.१ मिलिमीटर झालेली.

"साहेब, टर्बो हवा कोंबतो. दाबलेल्या हवेत ठिणगीला उडी मारायला जोर जास्त लागतो."

चारही नवे प्लग ०.७ वर बसले आणि गाडी हसत चढली. इंजिन शाबूतच होते. दमली होती ती ठिणगी. म्हाताऱ्यांना मोडीत काढण्यापूर्वी एवढे तरी पाहावे, नाही का?