पाया पक्का करण्याचा सोस

बारावी झालेली मुलं पदवीच्या पहिल्या वर्षात अडखळली की प्राध्यापकांच्या खोलीत एकच निदान ऐकू येतं : पाया कच्चा. निदान ठरलं की उपायही ठरलेलाच, ब्रिज कोर्स. सत्र सुरू होता होता बारावीचीच प्रकरणं पुन्हा घ्यायची आणि जोडीला इंग्रजीचं व्याकरण. माझ्या मते बहुतेक मुलांच्या बाबतीत हे निदानच अपुरं आहे. आधीचं आलेलं नसतं हे काही अंशी खरं, पण त्याहून जास्त त्यांना अडतं ते अभ्यास नावाचं कामच बदललेलं असतं म्हणून, आणि नवं काम जुन्या कामाची उजळणी करून येत नाही.

इतिहासाचंच घ्या. ‘१८५७च्या उठावाची कारणे लिहा’ या प्रश्नाला राजकीय, आर्थिक, सामाजिक, लष्करी असे मथळे आणि प्रत्येकाखाली तीन-चार मुद्दे लिहिले की शाळेत गुण मिळतात. मिळायलाच हवेत, तेवढं माहीत असणं गैर नाही. पदवीच्या वर्गात मात्र तोच उठाव वेगळा होऊन समोर येतो. सावरकर त्याला स्वातंत्र्यसमर म्हणतात. रमेशचंद्र मजुमदार १९५७ साली, ऐन शताब्दीच्या वर्षी, ते नाकारतात. आणि विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ त्या धामधुमीतून स्वतः गेलेल्या माणसाचा असला, तरी तो लिहिला गेला बऱ्याच वर्षांनी आणि छापला गेला १९०७ साली. आता विचारायचं असतं ते असं की, यातलं कोणतं विधान कशाच्या आधारावर उभं आहे? इथे मथळे पाठ असण्याचा उपयोग थोडाच. गणितातही तेच. अकरावी-बारावीत लिमिट काढायचं ते उदाहरणाचा प्रकार ओळखून. एफवायला लिमिटची काटेकोर व्याख्या घेऊन सिद्धता द्यायची असते. बारावीला नव्वद गुण मिळवलेली मुलंही इथे गांगरतात. त्यांचाही पायाच कच्चा म्हणायचा का?

महाराष्ट्रात हा बदल डोळ्यांआड राहायला आणखी एक कारण आहे. विद्यापीठीय शिक्षणाची सुरुवात इंटरनंतर, म्हणजे आजच्या बारावीच्या टप्प्यानंतर, धरावी, असं सॅडलर आयोगाने १९१९ सालीच सुचवलं होतं. पुढे कोठारी आयोगानंतर आपण १०+२+३ ही रचना स्वीकारली, पण अकरावी-बारावी अनेक ठिकाणी वरिष्ठ महाविद्यालयाच्याच इमारतीत राहिली. सोळाव्या वर्षापासून मुलगा ‘कॉलेजला जातो’. इमारत कॉलेजची, पुस्तक बोर्डाचं आणि खरा अभ्यास क्लासमध्ये, अशी त्रिस्थळी यात्रा दोन वर्षं चालते. विज्ञान शाखेत ती इतकी बोकाळली की काही विभागांतल्या कनिष्ठ महाविद्यालयांत शासनाला २०१८ मध्ये बायोमेट्रिक हजेरी सक्तीची करावी लागली. मुलं कॉलेजात येऊन दोन वर्षं झाली, तेव्हा कॉलेजचा अभ्यास त्यांना ठाऊक असणारच, असं मग सगळे गृहीत धरतात. त्यांना तो मुद्दाम शिकवण्याची जबाबदारी कोणाकडेच उरत नाही.

आधी पाया, मग इमला, हा क्रम इतका स्वाभाविक वाटतो की तो तपासून पाहायचं कोणाला सुचत नाही. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने तो तपासला. तिथल्या तीन कम्युनिटी कॉलेजांत, प्राथमिक बीजगणितात कच्चे ठरलेले ९०७ विद्यार्थी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटले. एका गटाला नेहमीचा बीजगणिताचा पूरक वर्ग, दुसऱ्याला तोच वर्ग अधिक साप्ताहिक कार्यशाळा, आणि तिसऱ्याला थेट पदवीस्तराचं संख्याशास्त्र, कार्यशाळेच्या आधारासह. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उत्तीर्णांचं प्रमाण अनुक्रमे सुमारे ३९, ४५ आणि ५६ टक्के. म्हणजे ज्यांना वरचं झेपणार नाही म्हणून खाली थांबवलं जात होतं, त्यांना वरचंच अधिक झेपलं. हा निकाल सरसकट लागू करता येणार नाही, हे मान्य. संख्याशास्त्राच्या पहिल्या अभ्यासक्रमात बीजगणित फारसं लागत नाही. कॅल्क्युलसला ते पावलोपावली लागतं, आणि ज्याला अपूर्णांकच येत नाहीत त्याला ते शिकवलेच पाहिजेत. पण मग नेमकं तेवढंच आणि लागेल त्या आठवड्यात शिकवावं. सगळ्या वर्गाला पंधरा दिवस मागे नेण्याचं समर्थन त्यातून होत नाही.

भाषेचा आक्षेप जास्त वजनदार आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजी पुस्तकाचं पान वाचवत नसेल, तर तो युक्तिवाद काय तपासणार? पण युक्तिवाद तपासणं इंग्रजीतच शिकायला हवं, असं थोडंच आहे? गोडसे भटजींचं एक पान मराठीत वाचून, लेखकाने प्रत्यक्ष पाहिलेलं कोणतं आणि ऐकीव कोणतं, हे मराठीतच लिहून काढलेल्या मुलाला पुढे इंग्रजी उताऱ्यात काय शोधायचं ते तरी कळेल. व्याकरणाच्या रिकाम्या जागा भरून ते कळत नाही.

उरतो शिक्षकांचा आक्षेप, आणि तो खराच आहे. १२० जणांची तुकडी, तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक, लांबलेल्या प्रवेशफेऱ्यांमुळे आक्रसलेलं पहिलं सत्र आणि त्यात २२ क्रेडिटचे नाना विषय. अशा प्राध्यापकाकडून दर आठवड्याला निबंध तपासून मागणं क्रूरपणाचं ठरेल. म्हणून मागणी लहान ठेवावी. पंधरवड्याला एकच उतारा, त्यावर वर्गातच लिहिलेलं अर्धं पान, आणि तपासायची त्यातली आळीपाळीने वीस-पंचवीस. बाकीच्यांनी एकमेकांची वाचावीत. वेळ हवा असेल तर नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागतासाठीच्या ‘दीक्षारंभ’ कार्यक्रमाच्या दिवसांतला सत्कार-भाषणांचा वाटा त्यासाठी खुशाल घ्यावा. मात्र सत्राअखेरीच्या प्रश्नपत्रिकेत पूर्वी न पाहिलेल्या उताऱ्यावर एक तरी सक्तीचा प्रश्न असायला हवा. तो नसेल, तर मुलं हे अर्धं पान मनावर घेणार नाहीत, आणि त्यांचं त्यात काही चुकत नाही. बारा वर्षं त्यांना काय विचारलं जाईल तेवढंच वाचायला शिकवलेलं असतं. प्रश्नपत्रिकेचा आराखडा अभ्यास मंडळ ठरवतं, आणि त्याच्या बैठका तशाही होतच असतात.