आंबा बाधला, असं म्हणत राहिले

दर मे महिन्यात माझे ओठ जळजळायचे. कडेची कातडी लाल व्हायची, बारीक पुरळ उठून खाज सुटायची, मग पापुद्रे निघायचे. उष्णता झाली, आंबा बाधला, असं म्हणून मी सब्जा प्यायचे, ओठांना सुगंधी लिपबाम चोपडायचे आणि सारखी जीभ फिरवायचे. त्यानं आग वाढतच गेली.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पहिलंच विचारलं, "आंबा खाता कसा?" आमच्याकडे रायवळ चोखूनच खातात. देठाकडचा भाग दातांनी तोडायचा, साल ओठांत धरून रस ओढायचा. दोष गराचा नव्हता, सालीचा आणि देठाजवळच्या चिकाचा होता. आंबा, काजू, बिब्बा एकाच कुळातले. बिब्बा अंगावर उततो हे मला लहानपणापासून ठाऊक, पण त्याच्याच जातीची द्रव्यं आंब्याच्या चिकातही असतात, हे कधी मनात आलं नव्हतं.

हे लक्षात न येण्याचं कारण म्हणजे ही स्पर्शाची ॲलर्जी उशिरा उठते, बहुधा एक ते तीन दिवसांनी. मी मात्र आदल्या रात्रीच्या जेवणात कारण शोधायचे आणि कोळंबीला, वांग्याला दोष द्यायचे.

याहून मोठी चूक भाचीच्या बाबतीत झाली. काजू खाल्ल्यावर काही मिनिटांतच तिचे ओठ टम्म सुजले, अंगावर गांधी उठल्या. माझ्यासारखंच असेल, उतरेल, असं मी वहिनीला सांगितलं. "आत्या, घसा आवळतोय," असं पोर म्हणाली तेव्हा धावपळ सुरू झाली. दवाखान्यात तिच्या मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिलं, ती वाचली. माझ्या शब्दावर वहिनी थांबली होती, ते अजून सलतं.

आता मी आंबा धुऊन, दुसऱ्या कुणाकडून सोलून घेते आणि फोडी खाते. ओठांची कड खाजू लागली, तर मागच्या तीन दिवसांत ओठांना काय लागलं ते आठवा. लिपस्टिक, लिपबाम, टूथपेस्टसुद्धा त्यात धरा. कारण सापडेना तर डॉक्टर पाठीवर पट्ट्या लावून तपासणी करतात. पण खाल्ल्यावर लगेच ओठ सुजले आणि सोबत गांधी, उलट्या, घोगरा आवाज किंवा धाप असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका. लगेच १०८ला फोन करा.